खाडीचा वाटा

(नवी मुंबईचे शहर ठाणे खाडीच्या काठी वसले आहे. शहर वसण्यापूर्वी या काठावर आगरी आणि कोळी लोकांची गावे होती. ती आजही आहेत. शहर वाढत गेले, तसा या लोकांच्या अन्नाचा आणि कामाचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी संस्था उभारून, कायद्याच्या मार्गाने आपला हक्क कसा मागितला, याची माहिती या पाठात दिली आहे. संस्थेचे नेतृत्व करणे म्हणजे काय, हेही या पाठातून समजते.)

मानखुर्दहून वाशीकडे जाताना बस पुलावर येते. खारा वारा तोंडावर येतो. मुले खिडकीकडे सरकतात. खाली ठाण्याची खाडी पसरलेली दिसते. भरती असेल तर पाणी काठापर्यंत आलेले असते. ओहोटी असेल तर काळा चिखल उघडा पडलेला असतो. एखादी लहान होडी पाण्यावर डुलताना दिसते. होडीतला माणूस जाळे टाकत असतो. दोन-तीन मिनिटांत पूल संपतो, बस वाशीला पोचते आणि आपण त्या माणसाला विसरून जातो.

हा माणूस कोण? तो येथे केव्हापासून मासे धरतो? त्याच्या डोक्यावरून पूल गेला, तेव्हा त्याला कुणी काही विचारले होते काय?

खाडी म्हणजे नुसते पाणी नव्हे. काठावरच्या लोकांचे ते शेत आहे आणि स्वयंपाकघरही आहे. भरतीबरोबर समुद्राचे पाणी आत येते, ओहोटीबरोबर ते परत जाते. या पाण्यात बोय, जिताडा, कोळंबी मिळते. चिखलात निवट्या आणि खेकडे सापडतात. खडकांना कालवे चिकटलेली असतात. पुरुष होडीतून जाळे टाकतात. स्त्रिया चिखलात उतरून शिंपल्या आणि खेकडे गोळा करतात, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जातात. घरात पैसा नसला, तरी खाडीत उतरले की कालवणापुरते काहीतरी हाती लागते. चांगली मासळी विकायची आणि उरलेली घरी खायची, अशी काठावरच्या घरांची रीत आहे. म्हणून खाडी बिघडली की त्या घराची कमाई जाते आणि ताटातले अन्नही जाते.

खाडीच्या काठावर तिवरांची झाडे असतात. त्यांच्या जंगलाला कांदळवन म्हणतात. या झाडांची काही मुळे चिखलातून वर आलेली असतात आणि हवेतला प्राणवायू घेतात. मुळांच्या जाळीत लहान मासे आणि कोळंबीची पिल्ले आसरा घेतात. मोठ्या माशांना तेथे सहज शिरता येत नाही. भरतीच्या लाटांचा जोरही ही झाडे कमी करतात. कांदळवन तोडले की माशांचा पाळणा मोडतो. याच खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये खाडीच्या काही भागाला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. २०२२ मध्ये रामसर या जागतिक करारातील पाणथळ जागांच्या यादीत ठाणे खाडीचे नाव आले. पक्ष्यांसाठी खाडी मोलाची आहे, हे साऱ्या जगाने मान्य केले. पण खाडीवर जगणाऱ्या माणसांचा हक्क मान्य व्हायला फार काळ लागला.

आता थोडे मागे जाऊ या. मुंबईची गर्दी कमी करावी, म्हणून खाडीच्या पलीकडे नवे शहर वसवायचे ठरले. त्यासाठी १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेण्यात आली. १९७३ मध्ये खाडीवर पहिला रस्त्याचा पूल सुरू झाला. १९९२ मध्ये रेल्वे वाशीपर्यंत आली. १९९७ मध्ये दुसरा पूल वाहतुकीसाठी खुला झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. लाखो लोकांना घरे मिळाली, कामे मिळाली. पण गावकऱ्यांची भातशेती गेली, मिठागरे गेली. शहराचे सांडपाणी खाडीत येऊ लागले आणि मासळी कमी झाली.

जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. उरण तालुक्यातील जासई गावचे दि. बा. पाटील हे त्यांचे नेते होते. ते वकील होते, आमदार आणि खासदारही होते. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. या लढ्यातून एक महत्त्वाचे तत्त्व पुढे आले. ज्याची जमीन शहरासाठी घेतली, त्याला विकसित झालेल्या जमिनीतही वाटा मिळाला पाहिजे. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना लागू झाली.

शेतकऱ्याजवळ एक कागद होता. त्याचे नाव सातबारा. त्या उताऱ्यावर शेतकऱ्याचे नाव आणि जमिनीचे क्षेत्र लिहिलेले असते. पण खाडीचा सातबारा कुठून आणायचा? पाण्यावर कुणाचे नाव लिहिलेले नसते. कोळ्याचा आजा त्याच पाण्यात मासे धरीत होता, बाप धरीत होता आणि आता तोही धरतो. पण कचेरीत गेल्यावर त्याला विचारले जाई, "कागद कुठे आहे?" त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. हक्क होता, पण पुरावा नव्हता. एकट्या माणसाला हा प्रश्न सोडवता येणे शक्य नव्हते.

अशा वेळी संस्था उपयोगी पडते. कोकणच्या किनाऱ्यावर गावोगावी मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे त्यांची नोंदणी होते. अशा संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत असते. ज्याची एक लहान होडी आहे त्यालाही एक मत आणि ज्याच्या चार होड्या आहेत त्यालाही एकच मत! संस्थेजवळ सभासदांची यादी असते. होड्यांची नोंद असते. सभेचे इतिवृत्त लिहिलेले असते. वर्षानुवर्षे लिहिलेली ही वही हाच पुढे पुरावा होऊ शकतो.

वाशी गावात मरिआई मच्छीमार सहकारी संस्था आहे. ठाणे खाडीवर तिसरा पूल बांधायचे ठरले, तेव्हा या संस्थेपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. पुलाचे खांब खाडीत उभे राहणार होते. काम चालू असताना होड्यांची वाट अडणार होती. मासेमारीच्या जागांवर परिणाम होणार होता. संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. खाडीत मासे धरण्याचा आमचा हक्क पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, त्याला बाधा येत असेल तर भरपाई मिळाली पाहिजे, असे संस्थेचे म्हणणे होते.

१२ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. पूल लाखो प्रवाशांच्या सोयीचा होता, त्यामुळे त्याचे काम थांबले नाही. पण मच्छीमारांचा रूढीने चालत आलेला हक्क न्यायालयाने मान्य केला. त्यांच्या उपजीविकेला धक्का बसत असेल, तर त्यांना भरपाई देणे आवश्यक आहे, असे सांगितले. भरपाई कुणाला आणि किती द्यायची, हे ठरवण्यासाठी समितीचा मार्ग दाखवला. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने समुद्रात आणि खाडीत होणाऱ्या प्रकल्पांमुळे बाधित होणाऱ्या मच्छीमारांना भरपाई देण्याचे धोरण ठरवले. एका गावच्या लहानशा संस्थेने मागितलेली दाद साऱ्या किनाऱ्याच्या उपयोगी पडली.

उरणच्या मच्छीमारांची हकिगतही अशीच आहे. बंदराच्या कामासाठी खाडीत भराव घातला गेला. कांदळवनाची हानी झाली. भरतीचे पाणी पूर्वीसारखे आत येईना. तेव्हा तेथील पारंपरिक मच्छीमार बचाव कृती समितीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने निकाल दिला. १,६३० मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यावेत, असा तो निकाल होता. गणित करून पाहा. एका कुटुंबाच्या वाट्याला ५ लाख ८४ हजार रुपये येतात. प्रत्येक कुटुंबाचे नाव यादीत असावे लागते, तेव्हाच असा हिशेब मांडता येतो. १,६३० कुटुंबांची यादी करणे हे भाषण करण्याइतके सोपे काम नाही. दारोदार जावे लागते. कुणाचे नाव सुटू नये आणि कुणाचे खोटे नाव घुसू नये, हे पाहावे लागते.

पैसा मिळाला म्हणजे सगळे मिळाले काय? नाही. बुजलेली खाडी पैशाने परत येत नाही. म्हणून भरपाई हा शेवटचा उपाय आहे. आधी नुकसान टाळणे हाच खरा उपाय. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की कांदळवनांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखून ठेवला पाहिजे. त्यापूर्वी १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगितली होती. राज्यघटनेने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे आणि उपजीविका हा त्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचे साधन काढून घेतले, तर माणूस जगणार कसा? २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीनेही लहान मच्छीमारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. जगाच्या अन्नात लहान मच्छीमाराचा मोठा वाटा आहे, म्हणून त्याच्या हक्काचे रक्षण झाले पाहिजे, असे ती तत्त्वे सांगतात.

आता आपण नेतृत्वाचा विचार करू. मोठ्याने बोलतो तो नेता, असे आपल्याला वाटते. पण संस्थेचा खरा नेता आधी ऐकतो. होडीवाला काय म्हणतो, हे तो ऐकतो. चिखलात उतरून शिंपल्या वेचणारी बाई काय म्हणते, हेही ऐकतो. बहुतेक वेळा तिच्या नावावर होडी नसते, जाळे नसते. तिचे नाव यादीत आले नाही, तर तिचे नुकसान कुणालाच दिसत नाही. म्हणून यादी करताना तिला विसरणे हा अन्याय आहे.

खरा नेता हिशेब उघडा ठेवतो. वर्गणी किती जमली, वकिलाला किती दिले, जाण्यायेण्याचा खर्च किती झाला, हे सर्वांना वाचून दाखवतो. हिशेब लपवला की विश्वास जातो आणि विश्वास गेला की संस्था मोडते. खरा नेता प्रत्येक अर्जाची पोच घेतो आणि ती जपून ठेवतो. तो सगळ्याच गोष्टींना विरोध करीत नाही. पूल हवा, पण काठावरच्या माणसाचे ताट रिकामे होता कामा नये, असे तो म्हणतो. आणि तो धीर सोडत नाही. न्यायाला वेळ लागतो. लढा सुरू करणारा माणूस निकालाच्या दिवशी हयात असेलच असे नाही. म्हणून तो आपल्यामागे दुसरी माणसे तयार करतो.

मुलांनो, तुम्ही कदाचित खाडीच्या काठी राहत नसाल. तुर्भ्याला राहत असाल, कोपरखैरण्याला राहत असाल किंवा मुंब्र्याला. पण अन्नाचा प्रश्न तुमच्याही मोहल्ल्यात आहे. समजा, मोहल्ल्यातील काही घरांना रेशनचे धान्य कमी मिळते. सर्व जण एका ठिकाणी जमतात. एक वडीलधारे गृहस्थ रागाने म्हणतात, "चला, आत्ताच दुकानावर जाऊ आणि जाब विचारू!" तेव्हा दहावीत शिकणारी एक मुलगी म्हणते, "चाचा, आपण जरूर जाऊ. पण आधी सगळ्यांची कार्डे आणि पावत्या पाहू या. कुणाला किती धान्य मिळायला हवे आणि किती मिळाले, ते मी वहीत लिहिते." चाचा क्षणभर गप्प बसतात. मग म्हणतात, "बेटी, तू म्हणतेस ते बरोबर आहे. आधी माझेच नाव लिही."

त्या मुलीला काय माहीत असायला हवे? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. घरातील १८ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची सर्वांत मोठी स्त्री शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानली जाते. धान्य घेतल्यावर पावती मागून घ्यावी. तक्रार असेल तर ती शिधावाटप कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. माहिती हवी असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा. वहीत नीट लिहिलेली वीस घरांची यादी ही शंभर माणसांच्या ओरडण्यापेक्षा अधिक जोरात बोलते.

खाडीच्या काठावरच्या लोकांनी हेच केले. त्यांनी दगड उचलला नाही. त्यांनी वही उघडली, सह्या केल्या, वर्गणी काढली आणि न्यायाची वाट धरली.

ठाणे खाडीवरचा तिसरा पूल आता तयार झाला आहे. २०२४ पासून त्यावरून वाहने धावू लागली. तुम्ही कधी त्या पुलावरून गेलात, तर खिडकीतून जरूर खाली पाहा. एखादी होडी दिसेल. होडीतल्या माणसाच्या हाती जाळे असेल. शहर आपले आहे, तसे त्याचेही आहे. रस्त्यावर आपला वाटा आहे, तसा पाण्यावर त्याचा वाटा आहे. हे ध्यानात ठेवणे, हाच या पाठाचा अर्थ.

शब्दार्थ

खाडी – समुद्राचे पाणी जमिनीत आत शिरते तो भाग
भरती – समुद्राचे पाणी चढणे
ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे
कांदळवन – खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे जंगल
मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
सातबारा – जमिनीच्या मालकीची व पिकाची नोंद असलेला सरकारी उतारा
उपजीविका – पोट भरण्याचे साधन, रोजी
रूढी – पूर्वीपासून चालत आलेली रीत, रिवाज
इतिवृत्त – सभेत काय झाले याची लेखी नोंद
पोच – अर्ज मिळाल्याची लेखी खूण, रसीद
भराव – पाणी किंवा खड्डा बुजवण्यासाठी टाकलेली माती व दगड
बाधित – नुकसान झालेला

वाक्प्रचार

दाद मागणे – न्याय मागणे
जाब विचारणे – कारण विचारणे, जवाब मागणे
धीर न सोडणे – हिंमत कायम ठेवणे
प्राण गमावणे – मरण येणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नवी मुंबई वसवण्यासाठी कोणती संस्था स्थापन झाली?
(आ) जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते कोण होते?
(इ) वाशी गावातील मच्छीमारांच्या संस्थेचे नाव काय?
(ई) ठाणे खाडीचे नाव रामसर यादीत कोणत्या वर्षी आले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खाडीला काठावरच्या लोकांचे स्वयंपाकघर का म्हटले आहे?
(आ) कांदळवनाचे उपयोग कोणते?
(इ) शेतकऱ्याजवळ होता, पण कोळ्याजवळ नव्हता, असा पुरावा कोणता?
(ई) "भरपाई हा शेवटचा उपाय आहे," असे लेखकाने का म्हटले आहे?

३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
संस्थेच्या खऱ्या नेत्याच्या अंगी कोणते गुण असावेत? पाठाच्या आधारे लिहा.

४. कोण कोणाला म्हणाले ते लिहा.
(अ) "आधी सगळ्यांची कार्डे आणि पावत्या पाहू या."
(आ) "आधी माझेच नाव लिही."

५. भाषाभ्यास
हक्क, अर्ज, वकील, कायदा, नुकसान, जमीन, कारखाना, बाजार, पूल हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. फारसी व अरबी भाषांतून ते आपल्याकडे आले.
(अ) यांपैकी कोणतेही पाच शब्द घेऊन मराठी वाक्ये तयार करा.
(आ) पाठातून असे आणखी तीन शब्द शोधून लिहा.
(इ) लिंग बदला : नेता, मुलगी, बाप, आजा.
(ई) अनेकवचन लिहा : होडी, जाळे, झाड, टोपली, संस्था.

६. उपक्रम
तुमच्या वस्तीतील एखाद्या अडचणीविषयी पाच घरांतील लोकांशी बोला. त्यांचे म्हणणे वहीत लिहा. त्यावरून संबंधित कार्यालयाला पाठवण्यासाठी मराठीत अर्ज तयार करा आणि वर्गात वाचून दाखवा.